कादंबरीतील माणसे आणि मुलूख

नांदगावच्या स्थानकावरून रात्रंदिवस आगगाड्या धावत असतात. मनमाडकडून आलेली गाडी पिंपरखेड, नायडोंगरी ही लहान स्थानके मागे टाकून चाळीसगावच्या दिशेने निघून जाते. काही गाड्या येथे थांबतात, काही थांबत नाहीत. न थांबणाऱ्या गाडीच्या खिडक्यांतून क्षणभर अनोळखी चेहरे दिसतात आणि नाहीसे होतात. त्या प्रवाशांना आपले गाव कसे दिसत असेल, असा विचार तुमच्या मनात कधी आला आहे काय?

याच मार्गावरून एक गाडी अशीही गेली आहे, की जिची नोंद रेल्वेच्या कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही. ती २० ऑक्टोबर १८७२ रोजी रात्री ८ वाजता मुंबईहून सुटली. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारा वाजता ती बऱ्हाणपुरास पोहोचली. आता थोडे गणित करू या. मुंबई ते बऱ्हाणपूर हे अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे. ते तोडावयास गाडीला साडेसोळा तास लागले. म्हणजे तिचा सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर पडला. मुंबईहून नांदगाव २९० किलोमीटरांच्या आतबाहेर आहे. तेव्हा ती गाडी पहाटे साडेपाचच्या सुमारास आपल्या गावावरून गेली असली पाहिजे!

ही गाडी आहे एका कादंबरीतली. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने ती लिहिली. ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ असा तिच्या नावाचा अर्थ आहे. १८७२ च्या अखेरीस ती फ्रान्समधील एका वर्तमानपत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८७३ साली पुस्तकरूपाने निघाली. साहसकथांमध्ये तिचे स्थान आजही अढळ आहे. व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या भा. रा. भागवत यांनी मराठी मुलांसाठी आपल्या भाषेत आणल्या, हेही येथे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

साहसकथा वाचताना आपण ‘पुढे काय झाले?’ या एकाच प्रश्नामागे धावत असतो. त्यात गैर काही नाही. परंतु चांगल्या कादंबरीत आणखी दोन गोष्टी शांतपणे आपले काम करीत असतात. एक म्हणजे तिच्यातील माणसांचे स्वभाव आणि दुसरी म्हणजे ज्या मुलखात कथा घडते तो मुलूख. या दोहोंचा परस्परांशी काय संबंध असतो, हे आपण या कादंबरीच्या आधारे पाहू.

फिलिअस फॉग हा लंडनमधील एक श्रीमंत गृहस्थ. हा चोवीस तास घड्याळाच्या काट्यावर चालणारा मनुष्य. त्याने आपल्या जुन्या नोकराला कामावरून काढून टाकले. नोकराचा अपराध कोणता? दाढीचे पाणी ८६ अंश फॅरनहाइट इतके गरम हवे होते, ते त्याने ८४ अंशांचे आणले! लेखकाने ‘फॉग फार काटेकोर होता’ असे नुसते सांगितले असते, तर आपण ते वाचून विसरलो असतो. दोन अंशांची ही गोष्ट मात्र आपण विसरत नाही. स्वभाव सांगावयाचा नसतो, तो कृतीतून दाखवावयाचा असतो. स्वभावचित्रणाचे हे पहिले तत्त्व होय.

असा हा फॉग आपल्या क्लबातील मित्रांशी २०,००० पौंडांची पैज लावतो, की मी ८० दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून परत येईन. २ ऑक्टोबरच्या रात्री तो लंडन सोडतो आणि २१ डिसेंबर रोजी रात्री पावणेनऊपर्यंत परतण्याचे ठरवितो. सोबत पासपार्तू हा नवा नोकर. हा फ्रेंच मनुष्य पूर्वी सर्कशीत कसरती करीत असे. पुढे तो पॅरिसमध्ये आग विझविणाऱ्या दलातही होता. या धावपळीला कंटाळून तो आता शांत, घरबशी चाकरी शोधत होता. आणि त्याला धनी कोण मिळाला, तर नोकरीच्या पहिल्याच दिवशी पृथ्वीप्रदक्षिणेस निघणारा! दोन भिन्न स्वभावांची माणसे एका प्रवासाला जुंपली, की निम्मी कथा आपोआप निर्माण होते.

मुंबईहून निघालेल्या गाडीच्या एकाच डब्यात हे दोघे आणि सर फ्रान्सिस क्रोमार्टी हा इंग्रज सेनाधिकारी बसलेले आहेत. डबा एक, खिडकी एक आणि खिडकीबाहेरचा मुलूखही एकच. पण तिघांचे पाहणे एक नाही. फॉग बाहेर पाहतच नाही. त्याच्या दृष्टीने हिंदुस्थान म्हणजे वेळापत्रकातील काही ओळी. सर फ्रान्सिसचे आयुष्य या देशात गेलेले. त्याला येथील घाट, राज्ये आणि चालीरीती ठाऊक आहेत, म्हणून तो माहिती देतो. आणि पासपार्तू? सकाळी जागा होऊन तो खिडकीबाहेर पाहतो, तेव्हा आपण खरोखरच आगगाडीत बसून हिंदुस्थान ओलांडीत आहोत, यावर त्याचा विश्वासच बसत नाही. कथेतील क्रम पाहता ही त्याची जाग खानदेशच्या सपाटीवर येते. कदाचित आपल्याच परिसरात!

तेव्हा हे ध्यानात ठेवा, की मुलखाचे वर्णन म्हणजे केवळ झाडाडोंगरांची यादी नव्हे. कोण काय पाहतो आणि कोण काय पाहत नाही, यावरून पाहणाऱ्याचा स्वभाव कळतो.

मुलूख आणखी एक काम करतो. तो पात्रांची परीक्षा घेतो. मुंबईस गाडी सुटण्यापूर्वी पासपार्तू मलबार टेकडीवरील एका देवळात पायांत बूट घालून शिरला. देवळात पादत्राणे काढावयाची असतात, हे त्याला ठाऊक नव्हते. पुजाऱ्यांनी त्याला चोप दिला. बूट तेथेच राहिले आणि तो अनवाणी धावत, गाडी सुटावयास पाच मिनिटे असताना स्थानकावर पोहोचला. बऱ्हाणपुरास त्याने खोट्या मोत्यांनी मढविलेल्या सपाता विकत घेतल्या व मोठ्या ऐटीत पायांत घातल्या. पुढे २२ तारखेस सकाळी ८ वाजता खोल्बी नावाच्या एका वस्तीपाशी गाडी थांबली. ही वस्ती लेखकाने कल्पिलेली आहे. गाडीचा अधिकारी म्हणाला, की लोहमार्ग येथे संपला. येथून अलाहाबादपर्यंत ५० मैल मार्ग अजून व्हावयाचा आहे.

आता तिघांकडे पाहा. सर फ्रान्सिस संतापला. फॉग जराही विचलित न होता म्हणाला, की मी पायी जाईन. आणि पासपार्तूने केविलवाण्या मुद्रेने आपल्या नाजूक सपातांकडे पाहिले! अडचण एकच होती, पण तिने तीन स्वभाव उघडे केले. शेवटी पासपार्तूनेच एक हत्ती शोधून काढला. त्याचे नाव किऊनी. मालक हत्ती भाड्याने देईना. फॉगने शांतपणे किंमत चढवीत नेली आणि अखेर तो २,००० पौंडांना विकत घेतला. एका पारशी तरुणाला वाटाड्या म्हणून बरोबर घेऊन मंडळी जंगलात शिरली.

त्या जंगलात खरी कसोटी होती. बुंदेलखंडातील एका वृद्ध राजाच्या मृत्यूनंतर औदा नावाच्या त्याच्या तरुण विधवेला चितेवर जाळण्यासाठी नेत होते. औदा मुंबईच्या एका पारशी व्यापाऱ्याची कन्या. सतीची क्रूर चाल राजा राममोहन रॉय यांच्या प्रयत्नांनंतर १८२९ साली बेंटिंकने ब्रिटिश अमलाखालील मुलखात कायद्याने बंद केली होती. म्हणून लेखकाने हा प्रसंग त्या अमलाबाहेरच्या भागात घातला आहे. हे पाहून घड्याळाचा गुलाम असलेला फॉग काय करतो? वेळापत्रकापेक्षा १२ तास आपल्या हाती जास्त आहेत, ते या स्त्रीला वाचविण्यासाठी देऊ, असे तो सुचवितो. ज्याला आपण यंत्र समजत होतो, त्याच्या ठायी अंतःकरण आहे, असे येथे प्रथमच कळते. मात्र हे अंतःकरणही तासांच्या हिशेबातच बोलते! माणूस बदलला, तरी त्याच्या स्वभावाची खूण पुसली जात नाही. प्रत्यक्ष सुटका करतो तो पासपार्तू. रात्रीच्या अंधारात तो गुपचूप चितेवर मृत राजाच्या जागी जाऊन पडतो आणि चिता पेटताच औदाला हातांवर घेऊन उभा राहतो. राजा जिवंत झाला असे वाटून जमाव भयाने जमिनीवर लोळण घेतो. शांत चाकरी शोधणाऱ्या त्या माणसाच्या अंगातील कसरतपटूचे धाडस त्या क्षणी जागे झाले.

इतके सांगून एकदा मी वर्गात थांबलो होतो. तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने हात वर केला. त्याने ग्रंथालयातून या कादंबरीची प्रत आणून आपल्या भागाचे वर्णन वाचले होते. तो म्हणाला, “गुरुजी, या पुस्तकात गाडीचा धूर खानदेशातल्या कॉफीच्या, जायफळाच्या, लवंगांच्या आणि मिऱ्यांच्या मळ्यांवर पसरतो, असे लिहिले आहे. आपल्याकडे लवंग कोठे पिकते?”

सारा वर्ग हसला. पण तो मुलगा हसत नव्हता. तो पुढे म्हणाला, “आमच्या गावाबद्दल हे खोटे असेल, तर बाकीचे तरी खरे कशावरून? मग हे पुस्तक वाचावे तरी कशाला?”

विद्यार्थिमित्रांनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी त्यास म्हणालो, “तू पुस्तक नीट वाचलेस म्हणूनच तुला हा प्रश्न पडला. चल, आपण सर्व जण मिळून त्याचा झाडा घेऊ.” आणि आम्ही फळ्यावर दोन रकाने आखले.

पहिल्या रकान्यात बरोबर असलेल्या गोष्टी लिहिल्या. ठाण्याजवळ मुंबईची बेटे सोडून गाडी मुख्य भूमीवर येते, हे बरोबर. कल्याणला पुण्याकडे जाणारा फाटा फुटतो, हेही बरोबर. पुढे घाट लागतो, नंतर नाशिक येते आणि मग सपाट, पिकाऊ प्रदेश लागतो, हे बरोबर. खानदेशात कापूस पिकतो, हे तर अगदीच बरोबर. त्या काळी येथील रानांत वाघ होते, हेही खरे.

दुसऱ्या रकान्यात चुका लिहिल्या. लवंग, जायफळ, कॉफी आणि मिरी यांना उष्ण, दमट हवा आणि भरपूर पाऊस लागतो. आपल्या कोरड्या, काळ्या जमिनीत ती कोठून येणार? गाडीकडे उदास डोळ्यांनी पाहणारे रानटी हत्ती खानदेशात नव्हते. पुस्तकात गाडी मालेगावावरून पुढे जाते. वस्तुतः मालेगाव मनमाडाच्या उत्तरेस पस्तीस-चाळीस किलोमीटर दूर आहे आणि हा लोहमार्ग तेथे जातच नाही. खानदेशातील ओढेनाले बहुतांशी गोदावरीला मिळतात, असे लेखक म्हणतो. पण आपल्या तालुक्यातील पाणी गिरणेत जाते आणि गिरणा तापीला मिळते. सर्वांत मोठी गंमत खोल्बीची. मुंबई-कलकत्ता लोहमार्ग मार्च १८७० मध्येच पूर्ण झाला होता. तेव्हा १८७२ च्या ऑक्टोबरात ५० मैलांची तूट असण्याचे कारणच नव्हते! कादंबरीत गाडीचा अधिकारी म्हणतो, की मार्ग पुरा झाल्याची बातमी छापणारी वर्तमानपत्रे चुकली. खऱ्या जगात मात्र वर्तमानपत्रेच बरोबर होती.

दोन्ही रकाने भरल्यावर आम्ही प्रत्येक चुकीचे कारण शोधू लागलो. कारण सर्व चुका एका जातीच्या नसतात. व्हर्न कधीही हिंदुस्थानात आला नाही. नकाशे, प्रवासवृत्ते, वर्तमानपत्रे आणि रेल्वेची वेळापत्रके समोर ठेवून तो लिहीत असे. मालेगावची आणि नद्यांची चूक दुरून नकाशा वाचताना झालेली असावी. ती क्षम्य आहे. खोल्बीची चूक निराळी. लोहमार्ग सलग असता, तर फॉग डब्यात पत्ते खेळत कलकत्त्यास पोहोचला असता. मग हत्ती नाही, जंगल नाही, औदाची सुटका नाही! ती तूट कथेला हवी होती. कादंबरीकाराला एवढी मोकळीक असतेच.

परंतु तिसरी जात अधिक विचार करण्यासारखी आहे. लवंगा, हत्ती, साप, वाघ, चिता, भयाने लोळण घेणारे लोक, हे सारे एकत्र का आले? त्या काळच्या युरोपातील वाचकांच्या मनात हिंदुस्थान म्हणजे मसाल्यांचा, श्वापदांचा आणि अंधश्रद्धांचा देश, असे एक चित्र ठरून गेले होते. लेखकाने ते पुसले नाही, उलट त्यात रंग भरले. ज्या काळी मुंबईत, पुण्यात आणि नाशकात शाळा, वर्तमानपत्रे आणि सुधारणेच्या चळवळी चालू होत्या, त्या काळचा हा देश आहे, असे या पानांवरून कोणाला वाटणार नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. जंगलातील त्या पारशी वाटाड्याने स्वतःचा जीव धोक्यात घालून या मंडळींना साथ दिली. फॉगने पुढे तो हत्तीच त्याला बक्षीस देऊन टाकला. इतका शूर आणि प्रामाणिक माणूस, पण त्याचे नाव काय? पुस्तकात ते सापडत नाही. हत्तीला नाव आहे, माणसाला नाही! हे मी सांगितले तेव्हा वर्गात कोणी हसले नाही.

खिडकीतून काय पाहिले यावरून जसे पासपार्तूचे आणि फॉगचे स्वभाव कळले, तसेच लेखकाने आपल्या मुलखाकडे कसे पाहिले, यावरून लेखकाची आणि त्याच्या काळाचीही ओळख होते. पुस्तकातील पात्रांची आपण जशी पारख करतो, तशीच पुस्तकाचीही करावयाची असते.

मग असे पुस्तक वाचावे काय? अवश्य वाचावे. धीर, विनोद, निष्ठा आणि प्रसंगावधान यांचे जे चित्र त्यात आहे, ते आजही टवटवीत आहे. पुस्तकात चूक सापडली म्हणून ते फेकून देणे हा उतावळेपणा होय आणि पुस्तक थोर आहे म्हणून त्यातील चुकीला मान डोलाविणे हा आंधळेपणा होय. चांगला वाचक दोन्ही टाळतो.

यापुढे कोणतीही साहसकथा हाती घ्याल, तेव्हा तीन प्रश्न मनाशी विचारीत जा. हा माणूस बोलतो काय आणि अडचणीत करतो काय? हा मुलूख त्याला कोठे अडवतो आणि कोठे साहाय्य करतो? आणि हे सारे आपणास कोणाच्या खिडकीतून दिसत आहे? या कादंबरीपुरती एक सूचनाही देऊन ठेवतो. पासपार्तू आपल्या खिशातील घड्याळ वाटेत कोठेही बदलत नाही. ते लंडनच्या वेळेवरच चालू राहते. सर फ्रान्सिस त्याला समजावतो, की पूर्वेकडे जाताना दर अंशामागे ४ मिनिटांचा फरक पडतो, पण तो ऐकत नाही. पृथ्वीचे ३६० अंश आहेत. गुणाकार करून पाहा आणि मग कादंबरीचा शेवट वाचा. तो मी येथे सांगणार नाही.

आता त्या पहाटेच्या गाडीकडे पुन्हा वळू. मनमाडवरून औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराकडे जाणारा लोहमार्ग होण्यापूर्वी वेरूळची लेणी पाहावयास जाणारे अनेक प्रवासी नांदगावलाच उतरत आणि टांग्याने पुढे जात. व्हर्नने आपल्या वर्णनात वेरूळचे नाव घेतले आहे. पण त्या वाटेवरील नांदगावचे नाव मात्र त्याच्या प्रवासवर्णनात आलेले नाही. याचा राग मानण्याचे कारण नाही. धावत्या गाडीतून सर्वच गावे दिसत नाहीत.

परंतु जे गाडीतल्या प्रवाशाला दिसले नाही, ते फलाटावर उभे राहणाऱ्याला दिसते. पावसाळा संपल्यावर काळ्या रानातून उठणारा वास, बाजरीच्या कणसांवर उतरणारे पाखरांचे थवे, दक्षिणेकडे सातमाळ्याच्या डोंगरांची निळसर रांग, बाजाराच्या दिवशी कांद्याच्या गोण्यांशेजारी चालणाऱ्या गप्पा आणि गाडीची शिट्टी ऐकून वेळ सांगणारी म्हातारी माणसे, हे सारे तुम्ही रोज पाहता. त्याच वर्गात मी मुलांना सांगितले, की आपल्या गावाचे एक पानभर वर्णन लिहून आणा. ज्या मुलाने लवंगेचा प्रश्न विचारला होता, त्याने आपल्या वर्णनात रेल्वेचे फाटक सांभाळणाऱ्या एका माणसाविषयी लिहिले. पहिल्याच ओळीत त्याने त्या माणसाचे नाव घातले होते.

तुम्हीही असे एक पान लिहून पाहा.